संस्थेलाही घर लागतं

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते. संस्था पाहावी चालवून! आणि त्या संस्थेला स्वतःचं छप्पर मिळवून देणं हे तर घर आणि लग्न या दोन्हींपेक्षा अवघड. घर बांधताना ते कुणाचं हे आधीच ठरलेलं असतं. लग्नात खर्च कुणी करायचा हे भांडून का होईना, पण ठरतं. संस्थेची जागा मात्र सगळ्यांची असते, आणि म्हणूनच ती मिळेपर्यंत कुणाचीच नसते.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असं एखादं काम चालत असेल. बहुतेक वेळा त्याची सुरुवात देवाच्या नावानेच होते. भजनी मंडळातल्या बायका एकत्र येतात, सत्संगातल्या येतात, मशिदीच्या कमिटीतले लोक येतात, चर्चमधल्या भगिनी येतात. कुणी अनाथ मुलांना शिकवतं, कुणी एकट्या म्हाताऱ्यांना डबा पोचवतं. पहिली दोन वर्षं कुणाच्या तरी ओसरीवर, पुढची दोन देवळाच्या सभामंडपात, मग कुणाच्या तरी बंद दुकानात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं या संस्थांचं बिऱ्हाड एखाद्या ताईच्या डोक्यावर! काम वाढतं, माणसं वाढतात, भांडीकुंडी वाढतात, पण ‘आपली जागा’ काही होत नाही. आणि एक दिवस जागेपायीच काम बंद पडतं. चांगलं काम बंद पडायला वाईट माणूसच लागतो असं नाही, घरमालकाच्या मुलाला दुकान टाकायचं असलं तरी पुरतं.

आमच्या पातेल्यांची गोष्ट

आमचंही तसंच चाललं आहे. नारायणगावात आम्हा बायकांचं एक भजनी मंडळ आहे. बारा वर्षांपूर्वी मंडळातल्या एका वहिनींचे यजमान दवाखान्यात होते. त्यांना डबा द्यायला आम्ही जायचो. पेशंटला निदान कॉट मिळते. त्याच्याबरोबर आलेल्या बाईचं काय? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून आलेल्या ठाकर, महादेव कोळी समाजातल्या बाया भिंतीला टेकून बसलेल्या असत. कुणी सकाळपासून नुसत्या चहावर. हातातले पैसे औषधाला राखून ठेवलेले. आमच्या थोरल्या मावशी म्हणाल्या, “आपण एकादशीला विठोबाला नैवेद्य दाखवतो, आन् ही माउली उपाशी. कसं गोड लागंल त्याला?”

तिथून सुरुवात झाली. पिठलं-भाकरी, कधी आमटी-भात, कधी खिचडी. आज ३०-३५ माणसं दुपारी जेवतात. टोमॅटोच्या हंगामात बाजारातून टोमॅटो येतात, कुणी तांदळाचं पोतं देतं, कुणी वाढदिवसाला केक न कापता गॅसची टाकी देतं. सामानाची कधी अडचण पडली नाही. अडचण पडली ती जागेची. आमची चूल आजवर चार वेळा हलली आहे. सध्या आम्ही एका पत्र्याच्या खोलीत आहोत आणि दसऱ्यापर्यंत ती रिकामी करून द्यायची आहे. मालक भले आहेत, इतकी वर्षं त्यांनी भाडं घेतलं नाही. त्यांना आता जागा हवी आहे, तर त्यात त्यांचं काय चुकलं?

अशात गावातल्या एका सधन घराने दोन गुंठे जागा देऊ केली. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं! पण त्यांची एक अट होती. तिथे जेवायला फक्त ‘आपल्यातलीच’ माणसं यावीत. ‘आपल्यातली’ म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं आणि आम्हाला कळलंही.

त्या रात्री आमची बैठक झाली. असा वाद मंडळात पूर्वी कधी झाला नव्हता. एक जण म्हणाली, “अहो काकू, आधी जागा तर घेऊ. मग कोण जेवतंय ते बघायला कोण येतंय?” दुसरी म्हणाली, “म्हणजे देवाच्या कामात खोटं बोलायचं?” तिसरीचं म्हणणं, “अट मान्य नसंल तर पावसात चूल कुठं मांडायची ते सांग.” तिघींचंही खरं होतं. त्याच बैठकीत मी केडगावची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते आहे.

केडगावची बाई

केडगाव म्हटलं की आपल्या भागातल्या बायकांना नारायण महाराजांचं बेट आणि तिथलं दत्ताचं स्थान आठवतं. आपण शिरूर-न्हावरा करत चौफुल्याला उतरतो, तिथून ते जवळ. (आपल्या नारायणगावासारखंच चौफुल्याचं नावही लोककलेशी जोडलेलं!) पण दौंड तालुक्यातल्या याच केडगावात दुसरंही एक मोठं घर आहे. पंडिता रमाबाईंचं ‘मुक्ती मिशन’. आपल्या ग्रामदेवतेचं नाव मुक्ताबाई, म्हणून असेल, मला ‘मुक्ती’ हे नाव ऐकल्यापासूनच जवळचं वाटलं.

हे नाव काढताच बैठकीत एक आजी म्हणाल्या, “अगं, ती तर बाटलेली होती ना? तिचं आपल्याला काय?” आजींना मी म्हटलं, “आजी, तिचा देव तिच्यापाशी. तिने बायकांसाठी घर कसं उभं केलं, तेवढंच आपण बघू.”

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. काळ असा की बायकांनी अक्षर ओळखलं तरी पाप, आणि या गृहस्थांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. सगळं कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी हिंडायचं. दुष्काळात रमाबाईंचे आईवडील उपासमारीने गेले. पुढे भाऊ गेला. कलकत्त्यात १८७८ मध्ये विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. वय चोविसाच्या आत. कडेवर मनोरमा. अशी ही बाई पुण्यात आली आणि त्याच वर्षी तिने आर्य महिला समाज काढला. दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेली, तिथे ख्रिस्ती झाली. त्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, त्या आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे गावोगाव भाषणं दिली. हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय विधवांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १८८७ मध्ये निघालं. पुस्तकाच्या विक्रीतून आणि भाषणांतून पैसा उभा राहिला. बोस्टनमध्ये ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झालं आणि त्यांनी शब्द दिला, दहा वर्षं आम्ही तुमच्या शाळेचा खर्च चालवू.

मैत्रिणींनो, हे ‘दहा वर्षं’ लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

मुंबई, पुणे आणि मग माळरान

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू झालं. विधवांसाठी राहण्याची आणि शिकण्याची सोय. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला आणलं. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांतच बिऱ्हाड हललं! पुण्यात पुढे सदनाला स्वतःची वास्तू मिळाली. कुणालाही वाटलं असतं, झालं आता कायमचं घर.

पण जागा पक्की झाली तरी पायाखालची जमीन पक्की झाली नव्हती. सदन सुरू करताना ठरलं होतं की मुलींच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही. ज्यांनी त्यांनी आपापले आचार पाळावेत. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं याच भरवशावर सल्लागार मंडळात होती. रमाबाई आपल्या खोलीत आपली प्रार्थना करत आणि दार बंद करत नसत. मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणार नाही. पालकांचं म्हणणं, आम्ही मुली पाठवल्या त्या या अटीवर नव्हे. ‘केसरी’ने सडकून टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या.

कोण बरोबर, कोण चूक? शंभर वर्षं लोक यावर वाद घालत आहेत. मला त्यातून एकच दिसतं. अटीचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा धरला होता, आणि त्याची किंमत मोजली ती मुलींनी. शिकायला आलेली मुलगी परत त्याच अंधाऱ्या खोलीत गेली. म्हणून म्हणते, देणाऱ्याची अट आणि घेणाऱ्याचं मन यांत अंतर असेल तर ते पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं.

आता दहा वर्षांची गोष्ट. मुदत संपत येणार, हे रमाबाईंना दिसत होतं. परदेशातून येणारा पैसा थांबला तर काय? दुसरी एखादी असती तर तिने आणखी दहा वर्षं मागितली असती. रमाबाईंनी जमीन घेतली. १८९५ च्या सुमारास केडगाव स्टेशनजवळ शंभरएक एकर माळरान घेतलं, विहिरी खणल्या, आंबा, संत्री, लिंबू अशी फळझाडं लावली. विचार साधा. फळं विकून शाळा चालेल. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हे समजावून सांगायला नको. नवऱ्याची नोकरी कधी जाईल नेम नाही, पण बांधावर चार झाडं असली तर घर तगतं.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती. रमाबाईंनी स्वतः लहानपणी भूक सोसली होती, आईवडिलांना भुकेने जाताना पाहिलं होतं. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ. सरकारी निर्बंध कडक. इतक्या मुली पुण्याच्या सदनात ठेवणं शक्यच नव्हतं. मग कुठे न्यायच्या? केडगावच्या माळावर! तंबू आणि छपरं उभी राहिली आणि बाग करायला घेतलेली जमीन घर झाली.

१८९८ मध्ये तिथे ‘मुक्ती’च्या पक्क्या इमारती उभ्या राहू लागल्या. त्याच वर्षी दहा वर्षांचा करार संपत आला, म्हणून रमाबाई पुन्हा अमेरिकेला जाऊन मदत करणाऱ्यांना भेटल्या, हिशेब दिला, नवी घडी बसवली. आणि १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, तेव्हा मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. गुरंच शंभरावर होती म्हणतात. इतक्या माणसांचा स्वयंपाक! आपण लग्नाच्या दोन पंगतींनी थकतो.

तिथे नुसतं बसून खाणं नव्हतं. शेती, दूधदुभतं, विणकाम, छापखाना. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या-आजारी बायकांसाठी प्रीती सदन. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापलं.

मला सगळ्यात हलवून गेली ती शेवटची गोष्ट. रमाबाईंनंतर सगळं सांभाळायचं ते मनोरमाबाईंनी, असं ठरल्यासारखंच होतं. पण २४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या, वयाच्या चाळिशीत. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. नऊ महिन्यांत आई आणि लेक दोघी नाहीत. एरवी अशी संस्था वर्षाच्या आत मोडते. मुक्ती मोडली नाही, आजही चालू आहे. कारण घर रमाबाईंच्या नावावर उभं नव्हतं, ते स्वतःच्या पायांवर उभं होतं.

सहा एकर आणि एक झोपडी

एकाच धर्माची ही गोष्ट नाही. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंचं बोट धरून पुढे जाऊ. त्यांचे यजमान धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. आधी पुण्यात काम चाललं, मग प्लेगमुळे गावाबाहेर जावं लागलं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला ६ एकर जागा आणि ७५० रुपये दिले. १९०० मध्ये तिथे एक झोपडी उभी राहिली. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संध्याकाळी चालत हिंगण्याला जात. त्या झोपडीचं पुढे काय झालं, ते आज कर्वेनगर भागात कुणीही पाहू शकतं.

पण झोपडीचा वाडा नुसत्या देणगीने होत नाही. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. याही विधवा. त्या आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. पुढे इंग्रजी नीट येत नसताना अमेरिकेपर्यंत गेल्या, तिथे लोकांच्या घरी काम केलं आणि आश्रमासाठी पैसे आणले. आपल्याला शेजारच्या गल्लीत पावतीपुस्तक घेऊन जायला संकोच वाटतो!

आणि गाडगेबाबांना कसं विसरायचं? हातात खराटा, डोक्यावर गाडगं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यांच्या आश्रयाला राहिले नाहीत. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा हॉस्पिटलमध्ये उपचाराला येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या नातेवाइकांना आधार देते. आपल्या भागातली कितीतरी माणसं तिथे राहून आली आहेत. ‘संस्था माझी नाही’ असं ज्याला म्हणता येतं, त्याचीच संस्था टिकते.

कागद बोलतो, माणूस विसरतो

आता थोडं कामाचं बोलू. भक्तीने चूल पेटते, पण जागेला कागद लागतो. आमच्या शोधात मला जे समजत गेलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, संस्थेची नोंदणी. मंडळ नोंदलेलं नसेल तर जागा कुणा एका ताईच्या नावावर घ्यावी लागते. ताई कितीही चांगली असो, तिच्यामागे तिचे वारस आहेत. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात जणी लागतात. शिवाय धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंद करावी लागते. हा कायदा १९५० चा. तेव्हा नाव मुंबईचं होतं, आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात. त्यातली एक तरतूद मला फार आवडली. ट्रस्टची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. उद्या आमच्यातल्याच कुणाची बुद्धी फिरली तरी घर शाबूत राहील!

दुसरी गोष्ट, तोंडी दान. “ताई, जागा तुमचीच समजा” असं कुणी म्हटलं की आपण हात जोडतो आणि नारळ फोडतो. पण जमिनीचं दान तोंडी होत नाही. बक्षीसपत्र करायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ते नोंदवायचं. मग तलाठ्याकडे फेरफार आणि सातबाऱ्यावर नाव. देणाऱ्याच्या भावा-बहिणींचा हिस्सा त्यात आहे का, हेही सातबारा बघून आधीच विचारावं. बहिणींचा हक्क विसरून दिलेलं दान आपण बायकांनी तरी घेऊ नये.

तिसरी, जमिनीचा प्रकार. शेतजमीन संस्थेच्या नावावर सहजासहजी होत नाही आणि तिच्यावर हवं तसं बांधकामही करता येत नाही. गुंठे-दोन गुंठ्यांच्या व्यवहारांनाही तुकडेबंदीचे नियम लागतात, आणि ते अधूनमधून बदलतात. त्यामुळे गावठाणातली किंवा बिनशेती झालेली जागा बघावी आणि इसार देण्याआधी वकिलाला कागद दाखवावेत.

चौथी, पैसा. आयकर खात्याकडे नोंदणी असेल तर देणाऱ्याला करात सवलत मिळू शकते, ज्याला आपण ‘ऐंशी जी’ म्हणतो ती. दोन हजारांवरची रोख देणगी मात्र त्या सवलतीत धरत नाहीत, ती चेकने किंवा ऑनलाइन घ्यावी. आणि दहा रुपयांचीही पावती फाडावी. रमाबाईंना मदत करणाऱ्या मंडळाचा अहवाल दरवर्षी छापला जाई. सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या बायकांनी डोळे झाकून पैसे दिले नाहीत, हिशेब वाचून दिले.

पाचवी गोष्ट कुठल्या कायद्यात नाही. जागा मिळण्याआधी उत्पन्न उभं करा. भिंती बांधायला लोक पैसे देतात, भिंतीवर दगडात नाव कोरता येतं. वीजबिलावर कुणाचं नाव कोरत नाहीत! दर महिन्याचा खर्च आपला आपल्यालाच भागवावा लागतो. रमाबाईंनी फळबाग लावली. आमची फळबाग म्हणजे मसाला. गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही काळा मसाला, कुरडया, पापड करून विकतो आहोत. जेवायला येणाऱ्या बायकांपैकी ज्यांची माणसं जास्त दिवस दवाखान्यात असतात, त्याही हात लावतात. “फुकाट खाल्ल्यासारखं वाटत न्हाई बाई,” असं डोंगरातल्या एका आजीने मला सांगितलं. ते ऐकल्यावर मला मुक्तीतल्या विणकामाचा खरा अर्थ कळला.

मग आमचं काय ठरलं?

दुसऱ्या बैठकीत आम्ही हात वर करून मत घेतलं. अट मानायची नाही, असं ठरलं. तिघींचं मत वेगळं पडलं आणि आम्ही त्यांचं म्हणणं वहीत लिहून ठेवलं आहे. त्यांची भीती खोटी नाही. देऊ केलेली जागा सोडणं सोपं नसतं. आम्ही चौघी त्या घरी गेलो. चहा घेतला. मी म्हटलं, “दादा, तुमचं मन मोठं आहे. पण दारात आलेल्या बाईला आधी ‘तू कोण’ विचारायचं आणि मग वाढायचं, हे आमच्या हातून व्हायचं नाही. तुमच्या आईंचं नाव जागेला देऊ, आनंदाने देऊ. तेवढी अट सोडा.” ते म्हणाले, “घरात विचारून सांगतो.” अजून निरोप आलेला नाही.

जी आजी ‘ती बाटलेली’ म्हणाली होती, तिने त्या मतदानात सगळ्यात आधी हात वर केला. निघताना मला म्हणाली, “त्या बाईनं दार लावलं न्हाई, म्हणून एवढं रामायण झालं. आपुनबी लावायचं न्हाई. फकस्त कुणाला आत वढायचं न्हाई.” चार पुस्तकं वाचून मला जे मांडता आलं नसतं, ते आजीने दोन वाक्यांत मांडलं.

दरम्यान आम्ही नोंदणीचे कागद तयार केले आहेत. सात जणींच्या सह्या झाल्या. त्यातल्या दोघींनी आयुष्यात पहिल्यांदाच अंगठ्याऐवजी सही केली, त्यासाठी पंधरा दिवस सराव केला. गावठाणातली आणखी एक छोटी जागा बघून ठेवली आहे, ती विकत घ्यावी लागेल. मसाल्याचे पैसे बँकेत साठत आहेत. ते पुरणार नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण वर्गणी मागायला जाताना हातात पासबुक असलं की मान ताठ राहते.

तुमच्याकडे असं काही काम चालत असेल, तर या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या मंडळाची वही काढा आणि एका पानावर तीन ओळी लिहा. जागा कुणाच्या नावावर आहे? ती कुणी कधी परत मागू शकतं? आणि उद्या देणगी थांबली तर काम किती महिने चालेल? तिन्हींची उत्तरं मिळाली की पुढचा रस्ता दिसतो. आमच्या तिसऱ्या ओळीचं उत्तर आज ‘चार महिने’ आहे. मागच्या वर्षी ते ‘दहा दिवस’ होतं.